मेन लाइनवरचा वॉल्व्ह: एका ठिबक पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर

दिवाळीनंतरचं पहिलं नवं काम. ठिबक संच विकणाऱ्या एका कंपनीची देखभाल पुस्तिका, अठ्ठेचाळीस पानं. संचाबरोबर फुकट मिळते आणि पुष्कळ ठिकाणी पंपाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली असते. मागणी एका ओळीची आहे: "व्याकरण एकसारखं करून द्या."

मागणी रास्त आहे. पुस्तिका गेली काही वर्षं निरनिराळ्या हातांनी वाढत गेली आणि प्रत्येक हाताचं मराठी वेगळं. एकट्या फिल्टरच्या प्रकरणात तीच सूचना पाच तऱ्हांनी सापडली: "फिल्टर साफ करणे", "फिल्टर साफ करावा", "फिल्टर साफ करा", "फिल्टर साफ केला जातो" आणि "फिल्टर साफ करणेत यावा".

"केला जातो"वर थांबले. कोणाकडून केला जातो? कंपनीच्या सेवा विभागातल्या ताईंना फोन केला तेव्हा त्यांनी सांगितलं की एका शेतकऱ्याने खरंच विचारलं होतं, फिल्टर साफ करायला तुमचा माणूस कधी येणार? त्या शेतकऱ्याने वाक्य नीट वाचलं होतं. वाक्यात कर्ता नव्हता, म्हणून त्याने जवळचा कर्ता शोधला आणि तो कंपनीत सापडला.

४ नोव्हेंबर

"करणेत यावा" आधी काढलं. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या लेखननियमांत एकारान्त नामाचं सामान्यरूप या-कारान्त करावं असं सरळ सांगितलं आहे: करणे, करण्यासाठी, फडके, फडक्याने. तेव्हा १४ नियम होते, १९७२ मध्ये आणखी ४ आले. साठ वर्षं उलटली तरी कचेरीच्या मराठीत "करणेत येते", "देणेबाबत" चालूच आहे आणि तिथून ते पुस्तिकांत येतं. इथे नियम आणि वाचक एकाच बाजूला आहेत, त्यामुळे विचार करावा लागला नाही. "साफ करणे" हेही काढलं. ते शीर्षकाला शोभतं, सूचनेला नाही. कर्ता नसलेलं "केला जातो"ही गेलं.

उरले दोन: "करावा" आणि "करा".

६ नोव्हेंबर

विध्यर्थात क्रियापद कर्माच्या मागे जातं. फिल्टर साफ करावा, जाळी साफ करावी, झाकण साफ करावे. म्हणजे "करावा" ठेवायचं तर प्रत्येक सुट्या भागाचं लिंग आधी पक्कं हवं. आमच्या ज्येष्ठ संपादक मॅडम आणि मी आज यादी घेऊन बसलो.

पंप, पाइप, फिल्टर, ड्रिपर, वॉल्व्ह: तो. मोटार, व्हेंचुरी, जाळी, ओ-रिंग: ती. बटण, झाकण: ते. इथवर एकमत. मग गेज (दाबमापक) आला. मी "तो गेज" म्हणते, मॅडम "ते गेज" म्हणतात आणि जुन्या पुस्तिकेत दोन्ही आहेत. लॅटरल (पिकाच्या ओळीने टाकायची ठिबकची नळी) पुस्तिकेत पुल्लिंगी आहे, "लॅटरल जोडावा", पण शेतात सर्रास "लॅटरल टाकली" ऐकू येतं, कारण बोलणाऱ्याच्या मनात नळी असते. वॉशर टाकला की टाकली, यावर पाऊण तास गेला. बाहेरून आलेल्या शब्दाला मराठीत लिंग मिळतं ते कधी त्याच्या शेवटच्या अक्षरावरून, कधी त्याच्या जागी असलेल्या जुन्या शब्दावरून, कधी ज्याने तो पहिल्यांदा गावात आणला त्याच्या तोंडून. कोशात पाहून हा वाद मिटत नाही, कारण यातले निम्मे शब्द कोशात अजून पोचलेलेच नाहीत.

चहाच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "अगं, सरसकट आज्ञार्थ घे ना. 'साफ करा'ला लिंग लागतच नाही."

बरोबर आहे. साफ करा: फिल्टर, जाळी, झाकण, गेज, काहीही. शिवाय "करा" आदराचं आहे आणि काकांना, वहिनींना सारखंच लागू पडतं. आणखी एक गोष्ट. शाळेच्या व्याकरणात विध्यर्थाखाली कर्तव्य, योग्यता, शक्यता, इच्छा ही सगळी मंडळी एकत्र बसवलेली असतात. "जाळी दर आठवड्याला धुवावी" वाचून ही सक्ती की सल्ला, ते कळत नाही. "धुवा" म्हटलं की कळतं.

शैलीपत्रकात नियम क्रमांक १ लिहिला: सर्व सूचना आज्ञार्थात.

८ नोव्हेंबर

सगळी पुस्तिका आज्ञार्थात आणली. वाक्यं आखूड झाली, पानं मोकळी दिसायला लागली. मोठ्याने वाचली तर एकच माणूस बोलतो आहे असं वाटतं. समाधान वाटलं.

१० नोव्हेंबर

कंपनीच्या मुख्य कार्यालयाकडून लेखनाचे नियम आले, मूळ इंग्रजीसाठी केलेले. विमानांच्या देखभाल पुस्तिकांसाठी १९८० च्या दशकात युरोपात जी सोपी, नियंत्रित इंग्रजी घडवली गेली, जिला आज एएसडी-एसटीई १०० म्हणतात, तिच्यावर ते बेतलेले आहेत. एका शब्दाचा एकच अर्थ. एका वाक्यात एकच कृती. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५.

पहिले दोन जसेच्या तसे घेतले. जाळीला याच पुस्तिकेत "जाळी", "चाळण" आणि "स्क्रीन" अशी तीन नावं आहेत. आता फक्त "जाळी". शब्दसंख्येचा नियम मात्र आपल्याकडे तसाच बसत नाही. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटतात. "उघडण्यापूर्वी" हा आपल्याकडे एक शब्द आहे आणि त्याच्या पोटात अख्खी अट बसली आहे. वीस मराठी शब्दांत मावणारा मजकूर वीस इंग्रजी शब्दांपेक्षा बराच जास्त असतो. आम्ही बारा धरले. हा आकडा अंदाजाचा आहे, शेतावर तपासायचा.

१३ नोव्हेंबर

निफाड तालुक्यात एका द्राक्षबागेवर गेले. बाग फुलोऱ्यात, त्यामुळे बागवाल्या काकांना वेळ कमी, तरी दोन तास दिले. काका, वहिनी आणि मी पंपाच्या खोलीजवळ उभे. ठरवलं होतं की मी काहीच समजावून सांगायचं नाही. काकांनी पान वाचायचं आणि वाचतील तसं करायचं.

पहिली सूचना: "फिल्टर उघडण्यापूर्वी पंप बंद करा." व्याकरणात खोट नाही, पुरते सहा शब्दही नाहीत. काकांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, "फिल्टर उघडण्यापूर्वी", आणि त्यांचा उजवा हात फिल्टरच्या क्लॅम्पवर गेला. बाकीचं वाक्य वाचून होईपर्यंत हात तिथेच होता. मग ते स्टार्टरकडे वळले. त्यांनी क्लॅम्प सोडवला नाही, पण हात आधी कुठे गेला ते मी पाहिलं. जे काम नंतर करायचं ते वाक्यात आधी आलं होतं. घाईत असलेला, निम्मं वाक्य वाचून कामाला लागणारा माणूस दाबाखालचा फिल्टर उघडेल. तिथेच वहीत लिहिलं: "पंप बंद करा. मग फिल्टर उघडा."

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. व्हेंचुरीतून खत सोडायचं पान.

व्हेंचुरी ही मेन लाइनच्या बाजूने जोडलेली, मध्ये अरुंद झालेली नळी. पाणी त्या अरुंद जागेतून वेगाने जातं, तिथला दाब पडतो आणि बादलीतलं खताचं पाणी आपोआप आत ओढलं जातं. त्यासाठी व्हेंचुरीच्या दोन टोकांना दाबात फरक लागतो. तो पाडायला मेन लाइनवर, व्हेंचुरीच्या दोन जोडांच्या मध्ये, एक वॉल्व्ह असतो. तो थोडा थोडा बंद करत जायचं. व्हेंचुरीच्या दोन्ही बाजूंचे वॉल्व्ह मात्र पूर्ण उघडे हवेत.

जुन्या पुस्तिकेतलं वाक्य असं होतं: "व्हेंचुरीजवळील वॉल्व्ह उघडावेत व मेन लाइनवरील वॉल्व्ह हळूहळू बंद करावा." मी केलेलं: "व्हेंचुरीजवळील वॉल्व्ह उघडा. मेन लाइनवरील वॉल्व्ह हळूहळू बंद करा."

काकांनी व्हेंचुरीजवळचा एक वॉल्व्ह उघडला. दुसऱ्याकडे पाहिलं, पण सोडून दिला. मग मेन लाइनवरचा मधला वॉल्व्ह बंद करत आणला आणि पुढे जाऊन शेतात जाणाऱ्या लाइनवरचाही बंद केला. दोन्ही मेन लाइनवरच आहेत, त्यांचं काही चुकलं नाही. फिल्टरच्या आधीच्या गेजचा काटा भरकन वर सरकला. वहिनींनी ओरडून मोटार बंद केली.

नुकसान काही झालं नाही, पण हे असं चालू पंपावर करून बघायला नको होतं. पुढच्या वेळी मोटार बंद ठेवून नुसतं बोट दाखवायला सांगायचं.

काका म्हणाले, "ताई, हितं वॉल्व्ह म्हणलंय. एक की सगळे, ते कुठं म्हणलंय?"

१४ नोव्हेंबर

काकांचा प्रश्न रात्रभर डोक्यात होता. सकाळी जुनी आणि नवी वाक्यं शेजारी शेजारी मांडली.

मराठीत अकारान्त पुल्लिंगी नामाचं अनेकवचन बदलत नाही. एक वॉल्व्ह, चार वॉल्व्ह. एक पाइप, दहा पाइप. एक ड्रिपर, हजार ड्रिपर. नामाकडे पाहून संख्या कळत नाही, ती क्रियापद सांगतं: बंद करावा, बंद करावेत. आज्ञार्थातलं "करा" कर्माकडे बघतच नाही. म्हणूनच तर आम्ही ते निवडलं, लिंगाची कटकट नको म्हणून. लिंगाबरोबर वचनही गेलं आणि ते गेल्याचं आम्हाला कळलं नाही. जुनं वाक्य मला विसंगत वाटत होतं, पण "उघडावेत" आणि "करावा" या दोन शब्दांत त्याने सांगितलं होतं की इकडे अनेक आहेत आणि तिकडे एकच.

या कंपनीच्या पुस्तिकेत ज्या वस्तू एकाहून जास्त असतात त्या जवळजवळ सगळ्याच अशा आहेत: वॉल्व्ह, पाइप, ड्रिपर, फिल्टर, कॉक. स्त्रीलिंगी असत्या तर वाचलो असतो. "नळी बंद करा" आणि "नळ्या बंद करा" यात घोटाळा होत नाही.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "मग परत विध्यर्थ करायचा का?" मीही तासभर तोच विचार करत होते. पण तसं केलं तर सक्ती आणि सल्ल्याचा गोंधळ परत येईल, आणि वॉशरचा वादही.

दुपारी वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून बघताना दिसलं की काकांनी स्वतः बोलताना "वरील" म्हटलंच नव्हतं. ते म्हणत होते, "लाइनीवरचा वॉल्व्ह". "वरील" हा शब्द कशानेही बदलत नाही: वरील वॉल्व्ह एक असो की पाच. "वरचा" बदलतो. वरचा वॉल्व्ह, वरचे वॉल्व्ह. तसंच जवळील आणि जवळचा, पुढील आणि पुढचा, शेतातील आणि शेतातला. छापील भाषा म्हणून आपण जे शब्द सवयीने घेतो ते वचन गिळून टाकतात आणि बोलण्यातले शब्द ते जपून ठेवतात. ज्या जुळणीपासून आम्ही पळत होतो तीच इथे मदतीला आली, फक्त क्रियापदावरून निघून विशेषणावर.

नवं वाक्य:

"व्हेंचुरीजवळचे दोन्ही वॉल्व्ह पूर्ण उघडा. मग मेन लाइनवरचा मधला वॉल्व्ह हळूहळू बंद करा. बादलीतले पाणी ओढले जाऊ लागले की थांबा."

"दोन्ही" आणि "मधला" घातले तेव्हा "जवळचे" आणि "वरचा" यांची गरज उरली का? माझ्या मते उरली. वाचणारा एखादा शब्द गाळतोच, म्हणून तीच गोष्ट वाक्यात दोनदा असू दे.

नियम क्रमांक २: सूचनेत "-ील" नको, "-चा, -तला" घ्या. नियम क्रमांक ३: अकारान्त पुल्लिंगी वस्तू एकाहून जास्त असेल तर संख्या शब्दात लिहा, "दोन्ही", "सगळे", "एकच". अख्खी पुस्तिका या दोन नियमांनी पुन्हा चाळायची. आठवडा जाईल.

गेजचा प्रश्न यामुळे परत आला, कारण "वरचा गेज" की "वरचे गेज" हे ठरवावं लागणार. पुल्लिंगी ठरवला. वाद राहू दे, पुस्तिकेत एकच राहील.

१७ नोव्हेंबर

कंपनीच्या प्रशिक्षण विभागाच्या सरांबरोबर बैठक. त्यांना "वरचा" आवडलं नाही. म्हणाले, "मॅडम, हे बोलीतलं वाटतं. छापलेल्या पुस्तिकेला वजन हवं. शेतकरी वाचतो तेव्हा त्याला वाटलं पाहिजे की हे जाणकाराने लिहिलंय."

हा मुद्दा मी उडवून लावला नाही. प्रमाण मराठीत लिहिलेल्या मजकुराला गावात मान असतो आणि सूचना पाळली जाण्यात त्या मानाचा वाटा असतो. शिवाय सर स्वतः शेतकऱ्याच्या घरातले आहेत, त्यांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. मी त्यांना काकांची गोष्ट सांगितली आणि दोन्ही वाक्यं पुढे ठेवली. त्यांनी पेन घेऊन मेन लाइनची आकृती काढली, "वरील" असलेलं वाक्य वाचलं, आकृतीकडे बघितलं आणि मग स्वतःच "वरचा" वर खूण केली.

तडजोड अशी. ओळख, हमी, संचाची माहिती ही वर्णनाची पानं आहेत, तिथे "वरील", "पुढील" चालेल. क्रमांक घातलेल्या सूचनांत फक्त "वरचा". आणि सगळीकडे "केले, उघडले, धुतलेले" अशी ए-कारान्त रूपंच छापायची, मी या वहीत लिहिते तशी "केलं, उघडलं" नाहीत. तेवढ्याने पुस्तिकेचा तोल टिकतो असं मलाही वाटलं.

सल्ला कसा लिहायचा तेही ठरलं. सक्ती असेल तिथे "धुवा", मनाई असेल तिथे "धुवू नका", सल्ला असेल तिथे कारणासकट: "जाळी दर आठवड्याला धुतल्यास जास्त टिकते." विध्यर्थ पूर्ण गेला.

१९ नोव्हेंबर

ॲसिडचं पान. आज एवढंच झालं आणि एवढंच व्हायला हवं होतं.

ड्रिपरमध्ये क्षार साचले की पाण्यात ॲसिड मिसळून ते संचातून सोडतात. शेवटच्या ड्रिपरच्या पाण्याचा सामू (पीएच) ४ पर्यंत उतरला की थांबायचं, संच २४ तास तसाच ठेवायचा, मग लॅटरलची टोकं उघडून सगळं धुऊन काढायचं.

जुनं वाक्य: "आम्लप्रक्रिया करतेवेळी पाण्यामध्ये आम्ल मिसळावे, आम्लामध्ये पाणी मिसळू नये." निर्दोष आहे आणि कानाला गोडही लागतं. भीती त्या गोडव्याचीच आहे. दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या असल्यामुळे पंधरा दिवसांनी माणसाला एवढंच आठवेल की पाणी आणि आम्ल यांचं काहीतरी होतं. शिवाय "मिसळणे" या क्रियापदाला दिशा नाही. दुधात पाणी मिसळलं काय आणि पाण्यात दूध मिसळलं काय, दोन्ही मिसळणंच. "ओतणे"ला दिशा आहे. इथे दिशाच महत्त्वाची, कारण पाणी ॲसिडवर पडलं की एकदम उष्णता तयार होते आणि ॲसिड उसळून अंगावर येतं.

"१. बादलीत आधी पाणी घ्या.
२. त्या पाण्यात ॲसिड हळूहळू ओता.
ॲसिडच्या भांड्यात पाणी कधीही ओतू नका. ॲसिड उसळून अंगावर येते."

"आम्ल" की "ॲसिड"? आमच्या शैलीपत्रकात नियम आहे की रुळलेला मराठी शब्द असेल तर तोच घ्यावा. आम्ल हा रुळलेला शब्द आहे, कृषी साहित्यात "आम्लप्रक्रिया" सगळीकडे आहे. पण दुकानातून येणाऱ्या कॅनवर "ॲसिड" आहे आणि धोका त्या कॅनमध्ये आहे. म्हणून सगळीकडे "ॲसिड", आणि शीर्षकात एकदाच "ॲसिड प्रक्रिया (आम्लप्रक्रिया)". याच पानावर "सामू" मात्र "सामू"च ठेवला, कारण माती परीक्षणाच्या अहवालात शेतकरी तोच शब्द वाचतो. कोणी शैलीपत्रक घेऊन तपासलं तर एका पानावर दोन न्याय दिसतील. मॅडमनी समासात लिहिलं, "राहू दे."

"एकत्र" या शब्दाने दुपार खाल्ली. "ॲसिड व ब्लिचिंग पावडर एकत्र वापरू नका." एकत्र म्हणजे एका बादलीत? एका दिवशी? एका हंगामात? दोन्ही एकमेकांत मिसळली तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसाला घातक आहे. इथे शब्दाची किंमत फार मोठी आहे. "ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एका भांड्यात मिसळू नका. दोन्ही एकाच वेळी संचात सोडू नका. विषारी वायू तयार होतो." खतांच्या पानावर कॅल्शियम नायट्रेट आणि फॉस्फेट किंवा सल्फेट असलेली खतं "एकत्र देऊ नयेत" होतं, तिथेही तसंच सुटं केलं. तिथे वायूचा धोका नाही, पण साका बसून ड्रिपर तुंबतात.

मग सर्वनामं. "व्हेंचुरीची नळी बादलीत सोडा. ती रिकामी होत आली की वॉल्व्ह उघडा." ती म्हणजे कोण? व्हेंचुरी ती, नळी ती, बादलीही ती. मराठीत तीन लिंगं असल्यामुळे सर्वनाम बहुधा आपला धनी शोधतं. बादलीऐवजी पिंप असतं तर "ते रिकामे" वाचून कोणीच चुकलं नसतं. पण तिघी एका लिंगाच्या असल्या की तो आधार जातो. "बादली रिकामी होत आली की" असं लिहिलं. एका परिच्छेदात "बादली" पाच वेळा आली. शाळेत निबंधात पुनरुक्ती केली की बाई लाल शाईने गोल करायच्या. तो गोल अजून मनात आहे आणि प्रत्येक वेळी तो बाजूला सारून शब्द पुन्हा लिहावा लागतो.

२१ नोव्हेंबर

परक्या शब्दांचं सामान्यरूप. पंपाला, पण फिल्टरला. पंपात, पण फिल्टरमध्ये. पाइपला आणि पाइपाला दोन्ही. एकसारखं करायचं म्हणून "पंपला" करून पाहिलं, कान किटले. उलट "ड्रिपराला" केलं, ते त्याहून वाईट. "पंपापासून फिल्टरपर्यंतचा पाइप तपासा" या वाक्यात दोन न्याय आहेत आणि ते ऐकून कोणी अडखळणार नाही. नियम केला नाही, शब्दांची यादी केली.

एकाच ठिकाणी अपवाद. "ड्रिपरमधून पाणी येते का पाहा" यात पुन्हा वचन हरवतं, कारण सामान्यरूपाचा अनुस्वार नाही. "सगळ्या ड्रिपरमधून" केलं.

२४ नोव्हेंबर

किलो. शेतात दाबही किलोत मोजतात: "लाइनीला एक किलो दाब पाहिजे." पूर्ण रूप किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, जे कोणी बोलत नाही. खताच्या पानावर "१९:१९:१९, ३ किलो" आणि दोन ओळींखाली "१ किलो ठेवा". पानात एकच एकक दोन अर्थांनी. "गेजचा काटा १ वर ठेवा" असं केलं. खत किलोत, दाब काट्यावर.

२६ नोव्हेंबर

पुन्हा निफाड. मोटार बंद ठेवून फक्त बोट दाखवायचं. काकांनी व्हेंचुरीचे दोन्ही आणि मधला, तीनही वॉल्व्ह बरोबर दाखवले. फिल्टरच्या पानावर हात थेट स्टार्टरकडे गेला. बारा शब्दांच्या मर्यादेतलं कुठलंच वाक्य दुसऱ्यांदा वाचावं लागलं नाही. एक चौदा शब्दांचं होतं, तिथे थांबले, ते तोडलं.

ॲसिडचं पान वहिनींनी वाचलं. मोठ्याने, एकेका शब्दावर बोट ठेवून. "संच २४ तास बंद ठेवा" इथे थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे मोटर लावायची नाही ना? का वॉल्व्हपण बंद करायचे?"

आम्ही कोणीच हे पाहिलं नव्हतं. पुस्तिकेत पंप बंद होतो, वॉल्व्ह बंद होतो, संच बंद होतो, आणि तिन्हींचं बंद होणं वेगळं आहे. आता तिथे वहिनींचंच वाक्य आहे: "२४ तास मोटार लावू नका." बाकीच्या पानांवरचे सगळे "संच बंद" शोधायचे.

२८ नोव्हेंबर

छापखान्यातून पहिली प्रत. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर बदलताना अर्धा र मोडला. "सऱ्या"चं "सर्या" झालं, "दुसऱ्या"चं "दुसर्या". नवखा वाचक अंदाजाने वाचेल, पण मराठीत दऱ्या आणि दर्या हे दोन वेगळे शब्द आहेत आणि अक्षर मोडलेल्या पुस्तिकेवर कोणाचा विश्वास बसत नाही. युनिकोडमध्ये "ऱ" स्वतंत्र अक्षर आहे, त्याला हलन्त जोडून लिहिलं की रूप टिकतं. छापखान्याला मजकूर युनिकोडमध्येच घ्यायला सांगितलं. त्यांच्या मुलाने तासाभरात फाँट बदलून दाखवला.

२ डिसेंबर

शेवटची तपासणी. मॅडमनी शैलीपत्रकाच्या पहिल्या पानावर, नियमांच्याही वर, अपवादांची यादी चिकटवायला सांगितली: ॲसिड, सामू, पंपाला-फिल्टरला, वर्णनाच्या पानांवरचा "वरील". पुढच्या वर्षी दुसरा कोणी बसला आणि त्याने हे सगळं एकसारखं करायला घेतलं तर त्याला आधी ही यादी दिसली पाहिजे.

पान ३१ वर, व्हेंचुरीच्या आकृतीखालच्या ओळीत, एक "मेन लाइनवरील वॉल्व्ह" राहून गेला होता. आकृतीखालची ओळ वर्णन की सूचना, हे शैलीपत्रकात लिहिलेलं नाही. पण तिथे बघूनच हात पुढे जाणार. चित्रकाराला फोन करून मधल्या वॉल्व्हला बाण काढून घेतला आणि ओळ बदलली: "मेन लाइनवरचा मधला वॉल्व्ह. हा एकच बंद करा."

सहा वाजता फाइल पाठवली.